रोल नंबर एकोणसाठ

आज पाण्याचा दिवस.
म्हणजे चौथा, म्हणजे पहाटे साडेचार,
म्हणजे आमच्या गल्लीत कुणाचंच स्वप्न पुरं होत नाही.
बॅरल, कळशी, दोन घागरी, भाताचं पातेलंसुद्धा भरून
मी सातच्या सिटीबसला लटकले
तेव्हा ओढणीचं टोक अजून ठिबकत होतं.

फाटकात चिंचेखाली उभे असतात शलमोन सर,
हातात रजिस्टर, मनगटावर बंद पडलेलं घड्याळ.
उशीर झालेल्यावर ते ओरडत नाहीत.
नुसतं विचारतात, "पाणी?"
आणि नावापुढे हजेरी मांडतात.
देव यावरून त्यांना काही बोलत असेल तर
मला माहीत नाही.

पहिल्या वर्षी उपासनेत
हातांचं काय करायचं तेच कळायचं नाही.
जोडावेत तर मार्कंडेयाच्या देवळातल्यासारखे जोडले जात,
बोटांत बोटं गुंफली
तर कुणाचा तरी हात चुकून धरल्यासारखं.
एस्तेर म्हणाली, ओढणीखाली ठेव, त्याला चालतं.
त्याला काय चालतं हे तिला कसं ठाऊक,
ते मी विचारलं नाही.
तिचे वडील मिशनच्या दवाखान्यात ड्रायव्हर आहेत,
आत काय चाललंय ते ड्रायव्हरला कळतंच.

आता तिसरं वर्ष.
आता मी दोन प्रार्थनांच्या मधे
पुढच्या बाकाला गुडघा टेकून
उभ्या उभ्या झोपते
आणि आमेनला बरोबर जागी होते.

"तिकडं काय शिकवतात गं?"
अम्मा विचारते, मांडीवर सूप, कात्री पानावर,
मान वर न करता.
कॉस्टिंग, मी सांगते.
एका टॉवेलला सूत किती, वीज किती, माणूस किती.
ती हसते. "हे नायनाला विचार की. फी कशाला भरायची?"
नायनाला विचारता येत नाही.
सव्वीस वर्षं चार मागांच्या मधे उभं राहून
त्याचे कान तिकडंच राहिले, कारखान्यात.
घरी तो मोठ्यानं बोलतो
आणि आम्ही ओठ मोठे करतो.

गुरुवारी यादीप्रमाणे शास्त्रपाठ माझ्यावर आला.
"येमुल भाग्यलक्ष्मी अंबादास. नको असेल तर सांग," सर म्हणाले.
वाचायला काय, म्हटलं.
घरात तेलुगू, बसमधे कानडी,
मराठी माझी शाळेतली, इस्त्रीची भाषा.
वाचत गेले, प्रत्येक ळ जपत.
कुणी एक फार जुना, फार दुखावलेला माणूस
देवापाशी आपल्या दिवसांची तक्रार करत होता,
आणि मधेच, एका ओळीत,
धोटा आला.

मी थांबले.
मागून कुणीतरी कुजबुजलं, धोटा म्हणजे काय रे?

म्हणजे आमच्या उंबऱ्यापाशी चपलांत पडलेला असतो तो.
दोन्ही टोकांना लोखंड, पोटात कांडी.
एकदा मागातून उडून नायनाच्या भुवईला लागला,
तीन टाके.
त्या माणसाच्या तक्रारीत
तो कुणी नेऊन ठेवला?

पुढचं मी कसं वाचलं आठवत नाही.
आमेन म्हणायचं राहिलं.
एस्तेरनं पहिल्या बाकावरून म्हटलं, जरा जास्तच जोरात.

संध्याकाळी नायनाला सांगायला गेले.
ओठ मोठे करून, हातवारे करून: धो-टा! कॉलेजात! धोटा!
त्यानं सगळं ऐकल्यासारखी मान हलवली.
माळ्यावर चढला, डबे सरकवले,
एक जुना शोधून काढला, बनियनला पुसला
आणि माझ्या हातात दिला.
"टोक झिजलंय," तो ओरडला, "पण शिकवायला चालेल."

तर आता तो सॅकमधे आहे,
कॉस्टिंगची वही आणि शेंगाचटणीच्या डब्याच्या मधे.
बस वळली की डब्यावर आपटतो.
कंडक्टर म्हणाला, काय वाजतंय गं?
काही नाही, म्हटलं.

उद्या पाण्याचा दिवस नाही.
सहापर्यंत झोपता येईल.